मोकळेमामा आणि शिट्टीसर

माझ्या मामाचं खरं आडनाव आता फक्त दवाखान्याच्या पाटीवर उरलंय. एरवी सगळे त्याला मोकळे म्हणतात. पेशंट 'मोकळे डॉक्टर' म्हणतात आणि आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये तो 'मोकळेमामा', कारण मी त्याला मामा म्हणायचे आणि माझं ऐकून बाकीचेही म्हणायला लागले. हे नाव पडलं त्याच्या एका वाक्यावरून. कुणीही नवीन माणूस दारात दिसला, की मामा दोन्ही हात पसरून म्हणायचा, "या, या! इथे सगळं मोकळं आहे. पटलं तर पटलं म्हणा, नाही पटलं तर तोंडावर सांगा."

मामा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना आ करायला लावायचं आणि आ केलेल्या माणसाला जगातल्या यच्चयावत विषयांवरची आपली मतं ऐकवायची, हा त्याचा धंदा. समोरच्याच्या तोंडात कापसाचे बोळे आणि थुंकी ओढणारी नळी. तो बिचारा फार तर 'आं आं' करणार. मामा त्याला होकार समजायचा. मामी म्हणायची, "यांना वादात आजवर कुणी हरवलेलं नाही, कारण यांच्यासमोर कुणाचं तोंडच रिकामं नसतं."

संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की वेटिंग रूममधली बाकं भिंतीला लागायची आणि आमची तालीम सुरू व्हायची. भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र, कोपऱ्यात प्लॅस्टरचे जबडे, सगळीकडे लवंगेच्या तेलाचा वास. त्या वासात आम्ही प्रेम केलं, खून केले, क्रांत्या केल्या. मी प्रॉम्प्टर. बाकी कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी औषधाच्या दुकानात. विम्याच्या ऑफिसात काम करणारा एकजण कविता करायचा, त्याला आम्ही कवीच म्हणायचो. मामाचा तो उजवा हात. दोघं बोलायला लागले की 'चौकट मोडणं' आणि 'संवादाची जागा' असे शब्द हवेत इतके दाट व्हायचे की पंखा लावावासा वाटायचा.

ग्रुपचा एक नियम होता. नवीन नाटकाचं वाचन झालं की प्रत्येकाने मोकळेपणाने मत द्यायचं. प्रत्यक्षात काय व्हायचं ते सांगते. पहिला म्हणायचा, "अंगावर आलं." दुसरा म्हणायचा, "मला अजून शब्द सापडत नाहीयेत." तिसरीने फारच धाडस केलं तर, "दुसरा प्रवेश पहिल्यापेक्षाही जमलाय." मामा मान हलवत म्हणायचा, "बघा, किती वेगवेगळी मतं आली!" आणि हे तो अगदी मनापासून म्हणायचा. माझा मामा ढोंगी नव्हता. आपण मोकळ्या मनाचे आहोत यावर त्याचा देवावर नसेल इतका विश्वास होता.

अशात शिट्टीसर आले.

शिट्टीसर म्हणजे शाळेत आयुष्यभर पीटी शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. अर्ध्या शहराला त्यांनी कवायत शिकवलेली आणि त्यातल्या निम्म्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावलेल्या. बायको वारलेली, मुलगी लांब. मामाकडे कवळी बसवायला आले होते. खुर्चीत आ करून पडलेले असताना मामाने सवयीप्रमाणे नाटकाबद्दल भाषण दिलं आणि शेवटी म्हणाला, "तुम्हीही या की. आमच्याकडे कुणालाही मज्जाव नाही." लोक अशा आमंत्रणांना 'हो हो' म्हणतात आणि विसरतात. शिट्टीसर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेच्याही आधी, कडक इस्त्रीचा शर्ट आणि नवी कवळी घालून हजर झाले. हातात सगळ्यांसाठी बिस्किटांचा पुडा.

"बसा, बसा. इथे सगळं मोकळं," मामा म्हणाला. कवीने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. लहानपणी त्यालाही फेऱ्या मारायला लागल्या होत्या.

त्या संध्याकाळी मामा स्वतःचं नवीन नाटक वाचणार होता. त्याआधी अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझे आजोबा, मामाचे आणि माझ्या आईचे वडील. घड्याळं दुरुस्त करायचे. मामाला लहानपणापासून नाटकाचं वेड. कॉलेज संपल्यावर अभिनय शिकायला जायचा त्याचा हट्ट होता. अण्णांनी सरळ सांगितलं, आधी पोटाचं बघ. घरात महिनाभर कुणी कुणाशी बोललं नाही, आणि मग मामा निमूटपणे दातांच्या कॉलेजात गेला. अण्णा गेले, त्याला वर्षं लोटली, पण मामाच्या मनातलं ते भांडण काही गेलं नव्हतं. नाटकात त्याने तेच लिहिलं होतं. एक कठोर बाप, एक गुणी मुलगा. फरक एवढाच, की नाटकातला मुलगा शेवटी घर सोडून जातो. बाप एकटा उरतो. पडदा.

वाचताना मामाचा आवाज भरून आला. आमचेही डोळे ओले झाले, खोटं का बोलू. मग नेहमीप्रमाणे फेरी सुरू झाली. अंगावर आलं. शब्द सापडत नाहीत. फिरत फिरत पाळी शिट्टीसरांवर आली.

"मोकळं बोलायचं ना?" त्यांनी विचारलं.

"अर्थात!"

"मला बापाचं बरोबर वाटलं."

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. कुणीतरी खोकलं.

"म्हणजे बघा," सर पुढे म्हणाले, त्यांना थांबायचं कळलंच नाही, "पोरगं हुशार आहे, मान्य. पण बापाला काय माहीत, ते पुढे जाऊन तरेल की बुडेल? बुडालं तर काढायचं कुणी? बापानेच ना? आणि तो पोरगा जाताना साधं 'येतो' म्हणत नाही. मला तर त्याचाच राग आला. पोरांनी यातून काय शिकायचं?"

मामाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. हे लक्षण मला माहीत होतं. पेशंटने 'दात काढायचा नाही' म्हटलं की तो असाच चष्मा पुसायचा. "फारच वेगळा दृष्टिकोन आहे," तो म्हणाला. "विचार करायला लावणारा." मग त्याने लगेच चहा मागवला आणि विषय नेपथ्यावर गेला.

त्यानंतर कुणी सरांशी वाईट वागलं असं मला म्हणता येणार नाही. उलट सगळे जास्तच गोड झाले. सर काही बोलले की सगळे हसून मान डोलवायचे आणि वाक्य संपायच्या आत दुसरीकडे वळायचे. कवी त्यांना 'सर, तुमच्या पिढीचं वेगळं होतं' म्हणायचा, आणि त्यानंतर बोलायला काही उरायचंच नाही. सर बाकावर ताठ बसून राहायचे. बिस्किटं मात्र न चुकता आणायचे आणि आम्ही ती खायचो.

मग एकदा कवीने तालीम स्वतःच्या घरी ठेवली. गच्ची मोठी आहे, हालचाली बसवता येतील, असं म्हणाला. सगळ्यांना त्यानेच फोन केले. सरांचं काय, असं मी विचारलं, तेव्हा मामा म्हणाला, "त्यांना मी कळवतो."

तालीम उरकून आम्ही परतलो तेव्हा दवाखान्यावरच्या मामाच्या घरात दिवा होता. संहितांची पिशवी वर ठेवायची म्हणून मीही मामाबरोबर गेले. दार उघडलं आणि समोर बघते तर मामी खुर्चीत पाय लांब करून बसलेली आणि शिट्टीसर तिच्यासमोर उभे. "गुडघा सरळ! वाकवायचा नाही. श्वास रोखायचा नाही. हां, आता खाली." मामीचा गुडघा दोन वर्षं दुखत होता. मामाने त्यावर तिला गोळ्या आणि भाषणं दिली होती.

आम्हाला बघून सर म्हणाले, "आलात? कशी झाली तालीम?"

मामा म्हणाला, "छे, तालीम कसली. असंच जरा बसलो होतो." माझ्या हातात पिशवी, पिशवीतून संहितेचे कागद बाहेर डोकावतायत, आणि मामाच्या खांद्यावर नाटकातली शाल.

सरांनी शालीकडे पाहिलं. मामीला म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ करायचं हं, वहिनी," आणि चपला घालून गेले.

दार लागलं तशी मामी उठली. "खाली पायरीवर बसले होते ते. शटरसमोर. बिस्किटांचा पुडा घेऊन. गॅलरीतून मला दिसले म्हणून वर बोलावलं."

"अगं, कळवायचं राहून गेलं."

"राहून गेलं नाही, अहो. राहू दिलंत." तिने कपबशा उचलल्या. "आणि ते काय म्हणाले सांगू? म्हणाले, वर्गाबाहेर मीही खूप पोरांना काढलंय वहिनी, पण निदान 'बाहेर जा' म्हणून सांगायचो तरी."

मामा चिडला. मी त्यांना मत मांडू दिलं की नाही, चारचौघांत मांडू दिलं की नाही, दुसऱ्या कुठल्या ग्रुपमध्ये दिलं असतं का, अशी त्याची सरबत्ती सुरू झाली. मामी शांतपणे कपबशा विसळत राहिली. मी पिशवी ठेवून काढता पाय घेतला.

दुसऱ्या दिवशी मामा आमच्या घरी आला. आईपाशी. लहानपणापासून त्याची रीतच होती, घरात भांडण झालं की ताईकडे यायचं. आई भाजी निवडत होती. मामाने सगळी हकिगत सांगितली, अर्थात स्वतःच्या बाजूने, आणि मग विचारलं, "ताई, तू वाचलंयस नाटक. तूच सांग. अण्णांचं बरोबर होतं?"

"नाही," आई म्हणाली. "तुझ्याशी ते वाईटच वागले."

मामाचा चेहरा फुलला.

"पण नाटकातला बाप म्हणजे काही अण्णा नव्हेत रे. तो कधी घाबरतच नाही. अण्णा किती घाबरट होते! तू नाटकात काम करायला बाहेरगावी जायचास ना, तेव्हा तू परत येईपर्यंत ते दुकानातली घड्याळं उगाच उघडून परत बंद करत बसायचे. चालू घड्याळं."

"हे तू मला वाचल्यावर का नाही सांगितलंस?"

"तू कुठे विचारलंस?"

"वाचायला दिलं होतं की!"

"दिलं होतंस. आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होतास. परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा. काय बोलणार माणूस? म्हटलं, छान आहे."

मामाने आईच्या पुढ्यातली भाजी घेतली आणि निवडायला लागला, चांगली पानं टाकून देठं ठेवत. आईने ती गुपचूप परत वेगळी केली.

तिथून तो कुठे गेला, हे आम्हाला नंतर सरांकडूनच कळलं. सर आपल्या घराच्या गॅलरीत जोर काढत होते. मामा दारातच म्हणाला, "काल मी खोटं बोललो. तालीम होती."

"माहीत आहे."

"नाटकातला बाप तुम्ही कराल का?"

सरांनी टॉवेलने तोंड पुसलं. "माझी दया आली म्हणून देताय?"

"नाही हो. तुमचा राग आला म्हणून देतोय."

सरांना हे उत्तर फार आवडलं. अजूनही ते सगळ्यांना हे वाक्य सांगतात.

कवीला मात्र ते अजिबात आवडलं नाही. अशा विचारांच्या माणसाला आपण रंगमंच द्यायचा का, हा त्याचा सवाल होता. मामा म्हणाला, "अरे, विचार पात्राचे आहेत, आणि पात्र मी लिहिलंय."

"पण ते त्या पात्राशी सहमत आहेत!" कवी ओरडला. त्याने ग्रुप सोडला. जाताना दारात उभं राहून एक कविताही म्हटली, मुक्तछंदातली. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण कवीवर त्याचा खरंच जीव होता.

त्यानंतरच्या तालमी म्हणजे आमच्या नाकी नऊ. सरांना अभिनयाचा गंध नव्हता. प्रत्येक वाक्य मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल अशा आवाजात. 'बाळ, तुझं भलं व्हावं एवढीच इच्छा आहे' हे त्यांच्या तोंडून 'सावधान'सारखं यायचं. आणि वर प्रत्येक वाक्यावर हुज्जत. "बाप असं बोलणार नाही." "का नाही?" "पोरगा जेवायचा आहे अजून. जेवल्यावर बोलेल." मामा लालबुंद व्हायचा. एकदा त्याने संहिता जबड्यांच्या शेल्फवर फेकली आणि एका जबड्याचा सुळा उडाला. दोनदा तरी सरांना 'उद्यापासून येऊ नका' म्हणून झालं. दोन्ही वेळा सर दुसऱ्या दिवशी आले. "तोंडावर सांगितलंत ना, मग झालं तर," म्हणाले.

मी कोपऱ्यात बसून हे बघत होते. नवल म्हणजे मामा इतका जिवंत मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. पेशंटच्या तोंडात बोळा घालायच्या आधी त्याला थांबून विचारायचा, "तुमचं काय मत? बाप आधी जेवू घालेल की आधी बोलेल?"

काही सरांचं त्याने घेतलं, बरंचसं नाही घेतलं. 'मुलाने पाया पडून जावं' ही सूचना मामाने शेवटपर्यंत धुडकावली, आणि माझ्या मते बरोबरच केलं.

प्रयोगाला हॉल अर्धा भरला होता. पहिल्याच प्रवेशात सरांची कवळी ढिली झाली. 'शिस्त' हा शब्द त्यांच्या वाट्याला पाच-सहा वेळा होता आणि दर वेळी त्यातून शिट्टी निघाली. प्रेक्षक हसायला लागले. मी विंगेत कपाळाला हात लावला. मामा माझ्या शेजारी उभा, पुटपुटत होता, "मीच बसवलीय ती कवळी, मीच बसवलीय."

शेवटचा प्रवेश आला. मुलगा सामान आणायला आत गेला. संहितेप्रमाणे बापाने खिडकीशी पाठ करून उभं राहायचं होतं, पाषाणासारखं. सर खिडकीशी गेलेच नाहीत. ते दाराशी आले. मुलाचे बूट तिथे तिरपे पडले होते. सर खाली वाकले, ते बूट उचलून दाराकडे तोंड करून नीट लावून ठेवले, मग खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले. मुलगा आला, त्याने बूट पाहिले, घातले आणि काही न बोलता गेला.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

"हे नाहीये संहितेत," मामा माझ्या कानात म्हणाला. "कुणी सांगितलं यांना? हे मी लिहिलेलं नाही." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पडदा पडल्यावर तो तसाच स्टेजवर गेला. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर तमाशा. सर कवळी रुमालात गुंडाळत होते.

"तुम्ही विचारल्याशिवाय बदल केलात," मामा म्हणाला.

"केला," सर बोळक्या तोंडाने म्हणाले.

"चुकीचं आहे हे."

"आहे."

मामाने चष्मा काढला, पण पुसला नाही. नुसताच हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "कवळी उद्या दाखवायला या. आणि ते बुटांचं तेवढं राहू द्या."

माझी आई पहिल्या रांगेत बसली होती. मामाने तिला 'कसं वाटलं' असं विचारलं नाही. दोघं एकाच रिक्षातून घरी गेले.

यानंतर मामा बदलला, असं लिहायचा मोह होतो, पण तो काही फारसा बदलला नाही. 'इथे सगळं मोकळं' हे तो अजूनही म्हणतो, आणि विरोधात कुणी बोललं की अजूनही त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. फक्त आता वाचन झाल्यावर तो आधी विचारतो, "कुणाला नाही आवडलं?" आणि उत्तर येईपर्यंत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसतो, म्हणजे मध्येच हातवारे करून बोलायला सुरुवात होऊ नये. पहिल्यांदा त्याने असं विचारलं तेव्हा कुणी तोंड उघडेना. मग औषधाच्या दुकानातल्या मुलीने भीत भीत सांगितलं की तिला मामाची बहुतेक नाटकं जरा लांबलेली वाटतात. तिच्यापाठोपाठ सगळ्यांनाच तसं वाटत असल्याचं निघालं. त्या रात्री मामा जेवला नाही, असं मामी सांगत होती, पण सांगताना हसत होती.

कवी वर्षभराने परत आला. 'मी भूमिका बदललेली नाही' असं आधी जाहीर केलं आणि मग बाकं सरकवायला लागला. त्याच्या कविता सरांना कळत नाहीत आणि सर तसं सांगतात. कवी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न करतो, आणि समजावता समजावता कधीकधी एखादी ओळ स्वतःच खोडतो. अण्णांवरून मामा आणि सर अजून भांडतात. अण्णांना सरांनी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, तरी 'तुमच्या वडिलांचं बरोबर होतं' म्हणायला कमी करत नाहीत.

मागच्या महिन्यात सरांनी स्वतः लिहिलेलं नाटक वाचलं. एक शाळा, एक कडक मास्तर, एक बंडखोर विद्यार्थी, आणि शेवटी त्याला शिस्तीचं महत्त्व पटतं. वाचन संपलं. मामाने विचारलं, "कुणाला नाही आवडलं?" सगळ्यांचे हात वर. मामाचा सर्वांत आधी.

"अत्यंत वाईट आहे," मामा म्हणाला. "बोधपर आहे, भाबडं आहे, आणि तो मुलगा माणूस वाटतच नाही. नुसता पुतळा."

सर ताठ बसून ऐकत होते. "मग?"

"मग काय? वाईट आहे म्हणून करायचंच नाही का? कधी बसवायचं ते सांगा. आणि तो मुलगा मला द्या. त्याला जरा माणूस करतो."

सध्या तालमी चालू आहेत. मामा साठी ओलांडलेला विद्यार्थी आहे, सर मास्तर आहेत, आणि रोज एखाद्या वाक्यावरून दोघांची जुंपते. काल मी प्रॉम्प्टिंगला बसले होते, तर मामी गुडघा सरळ ठेवून जिना उतरत खाली आली, बाकावर बसली आणि म्हणाली, "मला त्या मुलाचंही पटत नाही आणि मास्तरांचंही." दोघंही भांडण थांबवून तिच्याकडे वळले, आणि मामाने तिच्यासाठी खुर्ची ओढली.